गोदा तीन महिन्यांची झाली

“ज्याला न्यायचं असतं, तो आधी नाव विचारतो,” असं कोंडी एकदा म्हणाली होती. २००७ चा जून होता. उंबरमाळच्या अंगणवाडीच्या ओट्यावर जव्हारच्या संस्थेतल्या हर्षदा मॅडम बसल्या होत्या आणि त्यांच्या मांडीवर कोऱ्या फॉर्मांचा गठ्ठा होता. मॅडमना वाक्य आवडलं. त्यांनी ते वहीत उतरवून घेतलं. पेन कागदावरून सरकताना कोंडी बघत राहिली. तिला वाटलं, हेही गेलं.

उंबरमाळ हा दाभोशाच्या पलीकडचा पाडा. घरं एकोणतीस. जीप दाभोशापर्यंत यायची, पुढे नदी ओलांडून पाऊण तास पायी. तेव्हा जिल्हा ठाणे होता. ठाणं कुठे, असं पाड्यावर विचारलं असतं तर चौघांनी चार दिशांना हात केले असते.

कोंडीचं नाव हीच मुळात एक फसवणूक होती. तिच्या आधीची दोन भावंडं गेली होती. ती जन्मली तेव्हा सुईणीने तिला सुपात घालून उंबऱ्याबाहेर ठेवलं आणि आईने मूठभर कोंडा देऊन तिला परत घेतलं. आता ती त्या घरची लेक राहिली नाही, कोंड्याच्या बदल्यात आलेली वस्तू झाली. अशा वस्तूच्या मागे कोणी येत नाही. पाड्यावर ही रीत घरोघरी होती. जन्मानंतरची पाचवी पुजली जाईपर्यंत मुलाला नाव नसे, आणि नंतरही खरं नाव चुलीच्या खोलीबाहेर जात नसे. बाहेर तो दगड्या, ती कचरी. वाटेवरच्या अनोळखी माणसाने विचारलंच, बाळ झालं का, तर सांगायचं, झाला एक दगड.

कोंडी आश्रमशाळेत सातवीपर्यंत शिकली होती. तिने स्वतःच्या पहिल्या मुलीचं नाव अंगणात उभं राहून मोठ्याने हाक मारावी तसं घेतलं होतं. गोदा. ब्याण्णवच्या पावसात सत्तावीस दिवसांची होऊन गोदा गेली. त्याच पावसात आणि पुढच्या थंडीत वावर गावाकडे मुलं भुकेने मेली, मग जीपगाड्या आल्या, कॅमेरे आले, मेलेल्या मुलांच्या याद्या झाल्या. याद्या करणारी माणसं दाभोशापर्यंत आली आणि नदीला पाणी बघून मागे फिरली. गोदा कुठल्याच यादीत नाही.

त्यानंतर कोंडीच्या डोक्यात दोन गोष्टी शेजारी शेजारी राहिल्या. गोदा गेली, कारण मी तिचं नाव मोठ्याने घेतलं. गोदा गेली, कारण तिचं नाव कोणी लिहून घेतलं नाही. दोन्ही एकदम खऱ्या असू शकत नाहीत हे तिला कळत होतं. पण रात्रंदिवस त्या तशाच होत्या.

चौऱ्याण्णव साली पाड्यावर अंगणवाडी आली आणि सातवी शिकलेली एकच बाई होती म्हणून कोंडी सेविका झाली. घड्याळासारखा गोल काटा आणि खाली कापडी झोळी, एवढं तिच्या हाती आलं. झोळीत मूल ठेवायचं, काटा बघायचा, वहीत मांडायचं. पहिल्या महिन्यात एकही बाई मूल घेऊन आली नाही. वजन केलं की मूल उतरतं, असं सगळ्या मानत. आकडा मोठ्याने बोलला की कोणीतरी ऐकतंच.

कोंडीला हे मूर्खपणाचं वाटलं नाही. तिने आपली पद्धत काढली. वजन ती कधीच तोंडाने बोलली नाही. मूल वाढलं असलं तर झोळीतून काढून देताना आईच्या मुठीत एक चिंचोका ठेवायची. उतरलं असलं तर काहीच ठेवायची नाही, पण त्या दिवशी त्या घरी जाऊन बसायची. पाणी मागायची, नागलीची भाकर मागायची, इकडचं तिकडचं बोलत राहायची, आणि बोलता बोलता बाळाला किती वेळा पाजतेस, तू स्वतः काय खातेस, हे काढून घ्यायची. कुठल्या घरी बसली यावरून कोणाला कळू नये म्हणून ती सगळ्यांच्याच घरी बसायची. फक्त तिथे जास्त वेळ. बायांना ते समजे. बाय बसली म्हणजे वजन उतरलं. बाय उठेना म्हणजे दवाखान्यात जायला पाहिजे.

वहीत नाव ती घरातले सांगतील तेच लिहायची. दगड्या सांगितलं तर दगड्या. पुढे बारा-तेरा वर्षांत एकेका म्हातारीने तिच्या कानाशी लागून खरी नावं सांगितली. उंबरमाळमध्ये कोंडीला मान होता तो एवढाच: सगळ्यांची खरी नावं तिला माहीत होती आणि ती कुठे जात नव्हती.

आणि आता हे फॉर्म. आईचं नाव, मुलाचं खरं नाव, वजन, दूध पुरतं की नाही, आई काय खाते, बाप कामाला कुठे जातो, कधी परत येतो. खाली आईचा अंगठा. हर्षदा मॅडमनी समजावलं की जव्हारच्या ऑफिसातून हे सगळं इंटरनेटवर चढतं आणि मग उंबरमाळचं उतरलेलं मूल मुंबईच्या डॉक्टरलाही दिसतं. मॅडम चांगल्या होत्या. नाशिककडच्या, उन्हाने काळवंडलेल्या, फाटक्या चपलेला दोरी बांधून पाडे फिरणाऱ्या. कोंडी त्यांना तू म्हणायची, जशी ती सगळ्यांना म्हणायची.

कोंडीने तीन महिने फॉर्म पेटीत ठेवून दिले. मग पाड्यावरच्या गौराची मुलगी तापली आणि खालावली. कोंडीने एक फॉर्म भरून जीपवाल्याच्या हाती दिला आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दवाखान्याची गाडी दाभोशाला येऊन उभी राहिली. गौराची मुलगी वाचली. लिहिल्यामुळे मूल वाचलं, हे कोंडीने डोळ्यांनी पाहिलं. त्या आठवड्यात तिने एकोणीस घरं फिरून एकोणीस अंगठे घेतले. कोणी विचारलं नाही. बाय म्हणते तर असेल.

होळीला माणसं कामावरून परत आली. वसईकडच्या वीटभट्ट्यांवरून या वेळी मोबाइल आले होते. फॉर्मातही नवा रकाना आला, मोबाइल नंबर. रविनाच्या नवऱ्याने, गोकुळने, आपला नंबर आनंदाने सांगितला. त्याचा मुलगा तेव्हा दोन महिन्यांचा होता. बाहेर दगड्या. आत विनोद. आत विनोद आहे हे रविना, गोकुळ, सासू काशी आणि कोंडी एवढ्यांनाच माहीत होतं.

पाड्यावर रेंज नव्हती. वरच्या माळावर एक काळी धोंड आहे, तिच्यावर चढून पूर्वेकडे तोंड केलं की रेंज मिळायची, आणि आठवडाभर अडकलेले मेसेज एकदम यायचे. चैत्रात एका दुपारी गोकुळ धोंडेवर उभा होता, खाली पाच-सात बाप्ये विड्या ओढत बसले होते. फोन वाजला. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलेलं होतं. गोकुळ भट्टीवर तेवढं वाचायला शिकला होता आणि आपल्याला येतं हे सगळ्यांना कळावं म्हणून त्याने मोठ्याने वाचलं. ‘रविनाताई, तुमचं दूध विनोदला पुरत नाही का? काळजी करू नका.’ पुढे एका पावडरीचं नाव होतं.

विड्या ओढणारे आधी हसले. मग त्यांना विनोद कोण ते कळलं आणि विड्या विझवून एकेक जण उठला.

चार दिवसांनी जीप आली. दाभोशाला न थांबता, नदीचं पात्र कोरडं होतं म्हणून तशीच पार होऊन उंबरमाळमध्ये. पांढऱ्या शर्टातला माणूस हातात छापील कागद घेऊन उतरला. तो एकोणतीस घरांत गेला नाही. पाचच घरांत गेला, आणि ती पाच घरं म्हणजे त्या महिन्यात कोंडी जिथे सगळ्यात जास्त वेळ बसली होती तीच. प्रत्येक दारात त्याने मुलाला खऱ्या नावाने विचारलं. डब्यावर गोऱ्या गुबगुबीत बाळाचं चित्र होतं. बायांनी डबे घेतले. काहींनी विश्वासाने, काहींनी भीतीने. ज्याला नाव माहीत आहे त्याला दारातून परत कसं पाठवायचं?

त्या महिन्याच्या वजनाला तीन मुलं आली. एक गौराची.

कोंडी काशीच्या घरी गेली. काशी अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होती. तिने वर पाहिलं नाही.

“माझे सुनेचे छातीत दूध किती, ते कंपनीला कसं समजलं, कोंडे?” ती म्हणाली. “मी नाय सांगलं. ती तर लाजेने जेवली नाय दोन दिस. मग कोण राहिला?”

कोंडी म्हणाली, मी कोणाला सांगितलं नाही.

“नाय सांगलं तर बरंच आहे. बस. पाणी पी. आता तू बसलीस का सगळा पाडा समजतो, याचे घरी काय उणं आहे. उद्या परत जीप येईल.”

म्हणजे तिचं बसणंही गेलं होतं. कोंडी अंगणातूनच फिरली. फिरताना आतून मुलाचं रडणं ऐकू आलं. ते दोन महिन्यांपूर्वीचं रडणं नव्हतं. शेवट होता होता सुटून जाणारं, कुणाला ऐकू जावं असं मनात नसलेलं रडणं. ते तिने आधी एकदा ऐकलं होतं. नंतर तिला गौराकडून समजलं की डबा पुरवून पुरवून वापरायचा म्हणून रविना एक चमचा पावडर तांब्याभर पाण्यात कालवते. डब्यावर बाळ गुबगुबीत असल्याने कोणाला शंका नव्हती. आणि पुढे पावसाळा होता. पावसाळ्यात भरल्या घरची मुलंही उतरतात. कोणी झोळीत ठेवायला दिलंच नाही तर कळणार कसं, की कोणतं मूल चाललं?

कोंडीने जव्हारला जाऊन मॅडमना विचारलं. मॅडमना खरंच काही माहीत नव्हतं. माहिती कुलुपात असते, त्या म्हणाल्या, पासवर्ड असतो. डबेवाल्यांना गावातलंच कोणीतरी सांगत असेल. बघा जरा.

कोंडी बघू लागली. हे तिच्या आयुष्यातले सगळ्यात वाईट दिवस, असं ती पुढे सांगायची, गोदा गेली त्याहून वाईट. कारण तेव्हा फक्त देवावर संशय होता. आता फॉर्म नेणाऱ्या जीपवाल्यावर, गौरावर, दाभोशाच्या दुकानदारावर. तिचा नवरा देवराम सरळ माणूस, वर्षातले सात महिने भट्टीवर. त्याने एकदा जेवताना सहज विचारलं की तिच्या वहीची पेटी उघडी तर राहत नाही ना. तिला वाटलं, हा का विचारतो? आपण झोपेत बोलतो का, असं तिने त्याला विचारलं, आणि त्याने ताटावरून मान वर करून तिच्याकडे जसं बघितलं ते ती विसरली नाही.

सगळ्यात जास्त संशय मालूवर गेला. मालू अंगणवाडीची मदतनीस, खिचडी शिजवायची, अकरा वर्षं बरोबर होती. कोंडीने तिच्यासमोर मुद्दाम खोटं सांगितलं की अमक्या घरात जुळी झाली. मग ती जीपची वाट बघत राहिली. जीप आली, त्या घरापुढून निघून गेली. मालूने जुळ्यांबद्दल चकार शब्द काढला नव्हता. पण दोन झबली शिवून घेऊन ती त्या घरी जाऊन आली होती. झबली परत आणून तिने चुलीजवळ ठेवली.

“मला पारखलंस होय,” एवढंच म्हणाली, आणि दुसऱ्या दिवसापासून आली नाही.

कोंडीला त्यातून एक गोष्ट मात्र सापडली. खोटं मूल. ते एकाच वाटेवर सोडायचं आणि बघायचं, कुठून बाहेर पडतं. तिने ठरवलं, हे मूल वहीत नाही लिहायचं, कोणाला नाही सांगायचं, फक्त संस्थेच्या फॉर्मात लिहायचं. देवरामने भट्टीवरून आणलेला जुना फोन होता, त्यात नवीन कार्ड जव्हारहून घालून आणलं. तो नंबर कोणाकडेच नव्हता. ते नाव त्या नंबरावर आलं तर वाट एकच.

आता नाव पाहिजे. इथे ती अडकली. तिच्या जागी दुसऱ्या गावची कोणी असती तर सुचेल ते लिहून मोकळी झाली असती. कोंडीला ते जमेना. जिवंत मुलाचं नाव वापरावं तर नेणाऱ्याला पत्ता दिल्यासारखं. नवीन नाव रचावं, तर त्या नावाचं मूल कुठेतरी जन्माला येणारच, त्याच्या नावावर ती आजच दुबळेपणा लिहून ठेवत होती. दोन दिवस फॉर्म तिच्यासमोर कोरा पडला. मग तिला वाटलं, जिला आता कोणीच नेऊ शकत नाही तिचं नाव लिहावं. त्यात कोणाला धोका नाही.

मुलीचं नाव गोदा. आईचं नाव पारू, हे तिने आपल्या मेलेल्या आईचं लिहिलं. मोबाइल नंबर नव्या कार्डाचा. वय सत्तावीस दिवस. वजन एक किलो नऊशे. हे गोदाचं खरं वजन नव्हतं. गोदाला कोणी तोललंच नव्हतं. तिने हाताच्या आठवणीवरून लिहिलं. खाली अंगठा स्वतःचा उठवला आणि फॉर्म जीपवाल्याकडे न देता स्वतः जव्हारच्या ऑफिसात नेऊन दिला.

बाराव्या दिवशी ती धोंडेवर चढली. मेसेज आलेला होता. इंग्रजी अक्षरं ती एकेक लावून वाचायची. ‘पारूताई, अभिनंदन. तुमची गोदा एक महिन्याची झाली.’

वाट सापडली होती. तिने त्याच दिवशी पाड्यावर येऊन दाखवायला हवं होतं, काशीला, मालूला, सगळ्यांना. त्याच दिवशी जव्हारला जायला हवं होतं. फोन पदराच्या गाठीत बांधून ती खाली उतरली आणि कोणालाही काही बोलली नाही. आज नको, उद्या, असं तिने स्वतःला सांगितलं. उद्या शेतात पालापाचोळ्याचा राब जाळायचा होता. परवा आणखी काही होतं.

खरं कारण तिने फार पुढे, आणि एकदाच सांगितलं. गोदा एक महिन्याची कधी झालीच नव्हती. तीन दिवस कमी पडले होते. आता कोणीतरी, कुठल्यातरी शहरातून, ती झाली म्हणून सांगत होतं. कोंडीला बघायचं होतं, ती दोन महिन्यांची होते का.

झाली. जूनच्या मध्यावर, पाऊस लागलेला, धोंड शेवाळलेली. ‘तुमची गोदा दोन महिन्यांची झाली. ती आता तुमच्याकडे बघून हसते ना?’ कोंडी इरल्याखाली बसून फोन बघत राहिली. हे सगळं खोटं आहे, पावडर खपवण्यासाठी कोणीतरी रचलेलं आहे, तिने स्वतःच लावलेला सापळा आहे, हे तिला पूर्ण ठाऊक होतं. तरी ती पुढच्या आठवड्यात पुन्हा वर गेली, काही नसताना. पाड्यावर भाताच्या रोपांची आवणी चालू होती. वजनाला आता दोनच मुलं येत होती. काशीच्या घरातलं रडणं हळूहळू ऐकू येईनासं झालं होतं आणि कोंडी त्या अंगणावरून जाताना पावलं लवकर उचलत होती.

जुलैत तिसरा मेसेज आला. ‘गोदा तीन महिन्यांची झाली. आता तिने मान धरली असेल.’ कोंडी तो दुसऱ्यांदा वाचत होती तेव्हा धोंडेखाली कोणी आलं. रविना होती. पाठीशी मूल बांधलेलं, वरून इरलं. गोकुळ आवणीला दुसऱ्या गावी गेला होता, त्याचा फोन तिच्या हातात होता. पावडर कशी द्यायची ते मेसेजात येईल, असं तिला वाटत होतं. डबा संपत आला होता.

कोंडी खाली उतरली. विचारलं नाही, सरळ पाठीमागून मुलाखाली दोन्ही हात घातले आणि उचलल्यासारखं केलं. चौदा वर्षं काटा धरलेले हात होते. सहा महिन्यांचं मूल होतं आणि हातात तीन महिन्यांचं आलं. मानही त्याने धरली नव्हती.

“बाय, सोड,” रविना म्हणाली. “सासू मारेल.”

कोंडीने तिला फोन दिला. रविनाला वाचता येत नव्हतं. कोंडीने वाचून दाखवलं, तिन्ही मेसेज, पहिल्यापासून.

“गोदा कोण?”

“माझी.”

“तुझी कुठे आहे?”

“ब्याण्णवला गेली. सत्तावीस दिसांची.”

रविनाने फोनकडे बघितलं, मग कोंडीकडे. तिला समजायला वेळ लागला, आणि समजलं तेव्हा ती रडली वगैरे नाही. तिने विचारलं, “मंग ते माझे पोराला तरी कुठं बघतात?”

तिने छातीवरची गाठ सोडली आणि मूल कोंडीच्या हातात दिलं. काशीला विचारायला कोणी गेलं नाही. माळावरूनच त्या दोघी आडवाटेने नदीपर्यंत गेल्या, कमरेएवढ्या पाण्यातून पार झाल्या आणि दाभोशाहून भाताच्या रोपांनी भरलेल्या जीपमध्ये मागे उभ्या राहून जव्हारला पोचल्या. सरकारी दवाखान्यात मूल बावीस दिवस होतं. पहिले चार दिवस डॉक्टर काही बोलायला तयार नव्हते. पाचव्या दिवशी ते मोठ्याने रडलं आणि काशी, जी तोवर येऊन पायरीवर बसली होती, तिने कोंडीला हाताने बाजूची जागा दाखवली.

मूल वाचलं. पण कोंडी त्या बावीस दिवसांत स्वतःचा हिशेब टाळत नव्हती. एप्रिलमध्ये रडणं ऐकलं. मेमध्ये वाट सापडली. जुलैत मूल उचललं. मधले दोन महिने ती कोणाचं मूल वाढताना बघत बसली होती, हे तिला माहीत होतं. तिने रविनाला ते सांगितलं. रविनाने काय उत्तर दिलं, ते दोघींपैकी कोणीच सांगत नाही.

मूल घरी गेल्यावर कोंडी संस्थेच्या ऑफिसात गेली. खांद्याला वजनाची झोळी, झोळीत काटा, आणि त्या महिन्याचे एकोणीस फॉर्म. ते या वेळी पूर्ण भरलेले होते, कारण काशीने स्वतः घरोघरी जाऊन बायांना वजनाला पाठवलं होतं. जाताना काशीने एकच सांगितलं होतं, आमची नावं घेऊन चाललीस, बघ.

ऑफिसात हर्षदा मॅडम होत्या आणि त्यांचे वरचे साहेब, गौतम सर. कोंडीने फोन टेबलावर ठेवला. मॅडमनी मेसेज वाचले, संगणकावर उंबरमाळ काढलं, गोदा काढली, आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी सरांकडे बघितलं. म्हणजे मॅडमना माहीत नव्हतं. कोंडीला ते बघून थोडं बरं वाटलं, आणि लगेच शंका आली की चेहरा असाही उतरवता येत असेल.

सर शांत होते. त्यांनी चहा मागवला. मग समजावलं. संगणक कोणी दिले? एका कंपनीने. फुकट कोण देतं? करारात होतं की मातांच्या हिताची माहिती मातांपर्यंत पोचावी म्हणून नावं, नंबर आणि गरज कंपनीला कळवली जाईल. चोरी कसली यात? फॉर्मच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं आहे आणि त्याखाली प्रत्येक आईचा अंगठा आहे.

“आणि अंगठे कोणी घेतले, बाई?” ते म्हणाले. आवाज चढवला नाही. “तुम्हीच ना?”

कोंडीने एक फॉर्म काढून तळाशी बघितलं. होतं. मुंग्यांच्या रांगेसारखं, इंग्रजीत.

सरांनी पुढे सांगितलं की बाकी काही असो, खोटी नोंद हा गुन्हा आहे. नसलेलं मूल दाखवणं, खोटा अंगठा. वरती कळवलं तर सेविकेची नोकरी जाईल. तसं त्यांना करायचं नव्हतं. त्यांनी एक कागद पुढे सरकवला. नजरचुकीने नोंद झाली, मेसेजबद्दल तक्रार नाही, एवढंच. सही करायची, चालू महिन्याचे फॉर्म द्यायचे, आणि ती नोंद आत्ता इथेच काढून टाकायची. विषय संपला.

हर्षदा मॅडमनी संगणकाचा पडदा कोंडीकडे वळवला. काय काढायचं ते तिला दिसावं म्हणून. गोदाच्या नावापुढे एक रेघ होती. वजन पुढे कोणी भरलं नव्हतं, म्हणून संगणकाने वयाप्रमाणे अंदाज धरून ती पुढे नेली होती. रेघ एक किलो नऊशेपासून निघाली होती आणि कुठेही न वाकता वर गेली होती. उंबरमाळमध्ये तेवढी सरळ वाढलेली दुसरी मुलगी नव्हती.

“काढू ना, बाई?” मॅडमनी हळू विचारलं.

कोंडीने होय म्हणून मान हलवली. मॅडमनी बोट दाबलं. गोदा गेली. खालची ओळ एक घर वर सरकली आणि तिच्या जागी विनोद आला, रविनाचा. नाव, वजन, दूध पुरतं की नाही, गोकुळचा नंबर. त्याच्या खाली बाकीचे, एकाखाली एक, खऱ्या नावांनी.

सरांनी पेन उघडून कागदावर ठेवलं आणि फॉर्मांसाठी हात पुढे केला.

कोंडी बसून राहिली. चहा आला, तो तिने प्यायला. पाणी मागितलं, तेही प्यायलं. सरांनी दोनदा घड्याळ बघितलं. बाहेर दाभोशाची जीप भरत होती, हॉर्न वाजला, जीप गेली. ती बसूनच होती. खूप वेळ. हर्षदा मॅडम, ज्या कोंडीबरोबर कितीतरी घरांत जाऊन बसल्या होत्या, त्यांनी हळूहळू मान खाली घातली.

मग कोंडीने एकोणीसच्या एकोणीस फॉर्म गोळा करून झोळीत काट्याखाली घातले, झोळीचं तोंड आवळलं, फोन पदराला बांधला. पेन होतं तसं कागदावर राहिलं. सरांचा हात अजून पुढेच होता. ती उठली, झोळी मूल घ्यावं तशी कडेला घेतली, आणि बाहेर निघून गेली.